दिलहा मोकळा का ठेवतात?

फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये कार्पेंट्रीचा जॉब आपण सगळ्यांनीच केला. रंधा मारला, गुण्या लावला, पटाशीनं खाच पाडली, सरांची सही घेतली आणि विसरून गेलो! पण त्याच जॉबवर घरच्या घरी पाइनचं छान कपाट बनतं. फक्त त्यामागचं शास्त्र समजायला हवं.

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. आमच्या हिंगोली जिल्ह्यात मे महिन्यात हवा कडक कोरडी, तर ऑगस्टमध्ये दमट. म्हणून उन्हाळ्यात नीट लागणारं दार पावसाळ्यात अडकतं. गंमत म्हणजे लाकूड लांबीत जवळजवळ वाढतच नाही, वाढतं ते रुंदीत.

थोडं गणित करू. ओलं पाइन पूर्ण वाळलं की रुंदीत साधारण ६ टक्के आकसतं (जातीप्रमाणे फरक पडतो). हे आकसणं ओलावा ३० टक्क्यांच्या खाली आला की सुरू होतं. समजा, दाराच्या फळीतला ओलावा उन्हाळ्यात ६ टक्के आणि पावसाळ्यात १४ टक्के आहे. फरक ८ टक्के. म्हणजे ८ भागिले ३० गुणिले ६, उत्तर १.६ टक्के. ३०० मि.मी. रुंद फळी जवळपास ५ मि.मी. फुगणार! खिळे ठोकून तिला अडवलं तर ती वाकेल, नाहीतर तडकेल.

यावर उपाय आपल्या सुतारांना कधीपासून माहीत आहे. जुन्या वाड्यांची दिलहेदार दारं बघा. चारी बाजूंनी चौकट आणि मध्ये खोबणीत सरकवलेला दिलहा. अमेरिकेतल्या शेकर पंथाची कपाटंही याच तत्त्वावर. या पंथाच्या ॲन ली १७७४ साली इंग्लंडहून अमेरिकेला गेल्या. नक्षीकाम म्हणजे उगाच मिरवणं, असं हे लोक मानायचे, म्हणून त्यांचा दिलहा अगदी सपाट. नवशिक्याला तो सोपा पडतो.

आता ४०० मि.मी. रुंद दार करू :

१) २० मि.मी. जाड, ६० मि.मी. रुंद पट्ट्या घ्या. दोन उभ्या, दोन आडव्या. आडव्या पट्टीची लांबी ३६० मि.मी. (मधली जागा २८०, शिवाय दोन्ही टोकांना ४० मि.मी.चं कुसू).

२) सगळ्या पट्ट्यांच्या आतल्या कडेला मधोमध ६ मि.मी. रुंद, १० मि.मी. खोल खोबण पाडा. कुसवाची जाडीही ६ मि.मी.च ठेवा.

३) खोबणीच्या तळापासून तळापर्यंत अंतर ३०० मि.मी. भरतं. दिलहा कापा २९४ चा. दोन्हीकडे ३-३ मि.मी. जागा राहते. ही उन्हाळ्यातली मापं. भर पावसात काम करत असाल तर फळी आधीच फुगलेली असते, तेव्हा १-१ मि.मी. पुरे.

४) दिलह्याला पॉलिश आधीच करा. नाहीतर तो आकसला की कडेला कोऱ्या लाकडाची पांढरी रेघ दिसते.

५) फेव्हिकॉल फक्त कुसवांना. दिलह्याला थेंबसुद्धा नको! शिकंजा आवळून दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले की दार काटकोनात.

प्लायवूडला मात्र हा नियम लागत नाही. त्याचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, त्यामुळे ते फारसं हलत नाही. म्हणूनच फर्निचरच्या दुकानांत आज प्लाय आणि पार्टिकल बोर्डच जास्त दिसतं. खेड्यातल्या सुताराकडे आता दारं कमी आणि किरकोळ दुरुस्त्याच जास्त येतात. त्याची मुलंही हा धंदा शिकायला तयार नाहीत, आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा? पण आपण ज्याला 'अलाउन्स' म्हणतो आणि फॉर्म्युल्यानं काढतो, ते बलुतेदारीतला सुतार फळी हातात घेऊन, महिना कोणता ते बघून सांगायचा. हे ज्ञान कुठल्याच सिलॅबसमध्ये लिहिलेलं नाही. तो माणूस गेला की तेही गेलं.

तेव्हा सुट्टीत घरी गेलात की गावातल्या सुतारकाकांकडे एक दुपार बसा. त्यांना विचारा, दिलह्याला किती जागा ठेवता? आणि उत्तर जर्नलमध्ये लिहून ठेवा. त्यावर सही कुणाची लागत नाही!