ओल्या कामाचे हातमोजे

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये लीड्सला खिडक्या धुण्याचं काम करतो. जाड हातमोजे घालूनही हिवाळ्यात बोटं बधिर होतात. कोणते घ्यावेत?

उत्तर : जाडीपेक्षा आधी पाणी कुठून शिरतं ते बघा. हात वर असताना काठीवरून ओघळणारं पाणी थेट बाहीत उतरतं. म्हणून लांब मनगटाचा निओप्रीनचा किंवा संपूर्ण नायट्राइल लेपाचा मोजा घ्या आणि तो जॅकेटच्या बाहीवरून चढवा, बाहीच्या आत नको. फक्त तळव्याला लेप असलेले मोजे स्वस्त मिळतात, पण त्यांची पाठ भिजते. ते घेऊच नका.

लेबलवर ‘ईएन ५११’ शोधा. खालच्या तीन खुणांपैकी शेवटची पाण्याची : १ म्हणजे चाचणीत उत्तीर्ण, एक्स म्हणजे चाचणीच केलेली नाही. पहिल्या दोन थंडीच्या, ० ते ४. अंक मोठा तितकं संरक्षण जास्त.

आत पातळ लोकरीचे मोजे घाला, सुती नकोत. घामाने ओलं झालेलं सूत हात गारठवतं. दोन-तीन जोड जवळ ठेवून ओले झाले की बदला. बाहेरचा मोजा त्यांच्यासकट घालून मापा. बोटं आवळली तर रक्त खेळत नाही.

मात्र बोटं पांढरीफटक पडत असतील, तर डॉक्टरांना नक्की दाखवा.