विंचवाच्या नांगीजवळचं फुलपाखरू

प्रश्न : तारा गोल असतो. मग मरताना त्यानं टाकलेला वायू फुलपाखराच्या पंखांसारखा दोनच बाजूंना कसा पसरतो? असा तेजोमेघ साध्या दुर्बिणीतून दिसेल का?

उत्तर : बाकीच्या बाजूंनी त्याची वाट अडलेली असते, म्हणून. सूर्यासारखा तारा म्हातारपणी फुगून तांबडा राक्षसी होतो आणि वरचे थर सावकाश सोडू लागतो, सेकंदाला दहा-पंधरा किलोमीटर वेगानं. पुढे आतला तापलेला गाभा उघडा पडला की त्यातून विरळ पण सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाचा वारा सुटतो. तो आधीच्या वायूला गाठतो, दाबतो आणि त्याचं कवच तयार होतं. खगोलशास्त्रज्ञ सन क्वॉक आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली मांडलेली ही कल्पना.

आधीचा वायू सगळीकडे सारखा असेल तर कवच गोल होईल. पण जवळ जोडीदार तारा फिरत असेल, तर वायू आणि धूळ त्याच्या कक्षेच्या पातळीत गोळा होते आणि ताऱ्याच्या कंबरेला जाड पट्टा बसतो. मग वारा दोन ध्रुवांकडूनच निसटतो. चुंबकीय क्षेत्राचाही हात असावा असं काहीजण मानतात. मला मात्र जोडीदाराचं कारण अधिक पटतं. सूर्य एकटा आहे, त्यामुळे सुमारे ५०० कोटी वर्षांनी त्याला असे पंख फुटण्याची शक्यता कमीच. हा देखावा फार तर काही दहा हजार वर्षं टिकतो. मागे उरतो तो गाभाच, म्हणजे श्वेतबटू.

आता पाहायचं कसं? एनजीसी ६३०२ हा असाच फुलपाखरासारखा तेजोमेघ सुमारे ३,४०० प्रकाशवर्षं दूर आहे. त्याच्या गाभ्याचं तापमान दोन लाख अंशांवर आहे. महाराष्ट्रातून मेच्या मध्यास रात्री दोनच्या सुमारास वृश्चिकेची नांगी दक्षिणेला असते. त्यातला ठळक तारा म्हणजे मूळ नक्षत्राचा योगतारा. तेजोमेघ त्याच्या बरोबर पश्चिमेला, चार अंशांवर आहे. सहा इंची दुर्बीण, अंधारं आकाश आणि नजर जरा बाजूला ठेवायची सवय असेल, तर लांबट, फिकट डाग दिसेल. हबलच्या छायाचित्रातले रंग दिसणार नाहीत, पण आकार लांबट आहे हे मात्र कळतं, आणि त्यातच सगळी गोष्ट आहे.

तो डाग म्हणजे हाच तेजोमेघ याची खात्री करायची असेल तर दुर्बीण हलवू नका. पृथ्वी फिरत असल्यामुळे सुमारे वीस मिनिटांनी तोच योगतारा आपोआप दृष्टिक्षेत्रात येईल.