पक्षाघात आणि घटकेचे मोल

बुलढाणा जिल्ह्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, रोहिणखेड नावाचे जुने गाव आहे. पंधराव्या आणि सोळाव्या शतकांत येथे लढाया झाल्या. खुदावंतखान महदवी ह्याने १५८२ साली बांधलेली देखणी मशीद ह्याच गावची. तिचे बांधकाम चालू असता एखादा गवंडी अकस्मात कोसळला असता, त्याचे तोंड वाकडे झाले असते आणि एका बाजूचे हातपाय लुळे पडले असते, तर भोवतालच्या लोकांनी एवढेच म्हटले असते की, ह्याच्या अंगावरून वारे गेले. त्या काळी पॅरिसच्या वैद्यालाही ह्याहून फारसे अधिक सांगता आले नसते.

पक्षाघात, अर्धांगवायू, लकवा ही सारी ह्याच रोगाची नावे. शरीरातील वात बिघडल्यामुळे तो होतो, ही जुनी कल्पना आपल्या भाषेत अद्याप टिकून आहे. परंतु दोष वाऱ्याचा नसून रक्ताच्या प्रवाहाचा आहे, हे स्वित्झर्लंडमधील योहान याकोब वेप्फर ह्या वैद्याने १६५८ साली दाखवून दिले. ह्या रोगाने मृत झालेल्यांचे मेंदू त्याने काळजीपूर्वक तपासले आणि त्यांत रक्तस्राव झालेला त्याला आढळला. रोगाचे स्थान कळले. उपाय सापडावयास मात्र तीन शतकांहून अधिक काळ जावा लागला.

शेताला पाणी देणाऱ्या पाटाची येथे आठवण ठेवावी. पाटात गाळ अडकला तर पुढचे पीक सुकते. पाट फुटला तर पाणी भलतीकडे पसरते आणि पीक तरीही सुकते. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते किंवा ती वाहिनी फुटते, आणि दोन्ही प्रसंगी मेंदूच्या काही भागाला रक्त मिळेनासे होते. मोठी वाहिनी बंद पडली व उपचार झाला नाही, तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख मज्जापेशी नष्ट होतात, असा हिशेब २००६ साली मांडण्यात आला. तथापि मृत भागाच्या सभोवार असा एक भाग असतो, की जो मुका झालेला असतो, पण मेलेला नसतो. रक्त वेळेवर पोहोचले तर तो वाचतो. ह्या रोगावरील सारी आशा त्या मुक्या भागावर आहे.

गुठळी विरघळविणारे औषध द्यावे, हे सुचणे कठीण नव्हते. पण रुग्णाची वाहिनी फुटलेली असेल तर तेच औषध त्याचा प्राण घेईल. बाहेरून पाहून दोहोंतील भेद ओळखता येत नाही. ही अडचण गॉडफ्रे हाउन्सफील्ड ह्या इंग्रज अभियंत्याने दूर केली. त्याच्या यंत्राने १९७१ साली प्रथमच जिवंत माणसाच्या मेंदूचे, जणू काप करून पाहावेत तसे, क्ष-किरणांनी चित्र काढले. सी. टी. स्कॅन म्हणतात ते हेच.

आता औषध खरोखर गुणकारी आहे काय, हे ठरवावयाचे होते. काही रुग्ण औषधावाचूनही बरे होतात. त्यांचे श्रेय औषधाला फुकट मिळू नये. म्हणून अमेरिकेतील संशोधकांनी ६२४ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटणी केली. एका गटाला रोग सुरू झाल्यापासून ३ तासांच्या आत औषध दिले, दुसऱ्याला तसेच दिसणारे निरुपद्रवी द्रव्य दिले. कोणाला काय मिळाले, हे रुग्णाला ठाऊक नव्हते आणि त्याच्या डॉक्टरांनाही नव्हते. १९९५ साली निकाल प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांनंतर जवळजवळ पूर्ण बरे असण्याची शक्यता औषध मिळालेल्यांत निदान ३० टक्क्यांनी अधिक होती. त्याच निकालात दुसराही आकडा होता : मेंदूत घातक रक्तस्राव औषधाच्या गटात शंभरांत सुमारे ६ जणांना झाला, तर दुसऱ्या गटात शंभरांत एकालाही पुरता नाही. लाभाबरोबर हानीही मांडली, म्हणूनच ह्या निकालावर विश्वास ठेवता येतो. पुढे २००८ साली ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढविता येते, असे सिद्ध झाले. २०१५ साली, मांडीच्या सांध्यातील धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढण्याचा उपायही कसोटीस उतरला.

साडेचार तास! रोहिणखेडसारख्या गावी हे तास कसे सरत असतील? समजा, एका आजोबांचा हात पहाटे उठताना उचलेना. रोग झोपेत केव्हा जडला हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून ते अखेरचे धडधाकट दिसले, त्या घटकेपासून काळ मोजावा लागतो. मग कोणी तेलाने हात चोळतो, कोणी उजाडेपर्यंत वाट पाहू म्हणतो. बुलढाणा शहर घाटमाथ्यावर. घाट चढून जावयाचे, आणि तेही जेथे स्कॅनचे यंत्र आहे अशाच रुग्णालयात. औषध तयार असते, पण घड्याळ थांबत नाही. तोंड वाकडे होणे, एक हात खाली पडणे, बोलणे अडखळणे, ह्यांपैकी एक खूण दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, हे त्या घरातील बारा वर्षांच्या नातवालाही करता येण्याजोगे आहे.

खेड्यांत हा रोग किती आहे, हे तरी कोणास ठाऊक होते? तो शहरातील सुखवस्तू लोकांचा रोग, अशी पुष्कळांची समजूत होती. बुलढाणा हे विदर्भाचे पश्चिम टोक, तर गडचिरोली हे पूर्वेचे. तेथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांनी स्थापन केलेल्या ‘सर्च’ ह्या संस्थेत मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि त्यांचे सहकारी ह्यांनी ह्या प्रश्नाचे उत्तर शोधले. एप्रिल २०११ ते मार्च २०१३ ह्या दोन वर्षांत ८६ खेड्यांतील प्रत्येक मृत्यूची नोंद झाली. मृताच्या घरी जाऊन, अखेरच्या दिवसांत कोणती लक्षणे दिसली, हे नातलगांना विचारले गेले आणि त्यावरून मृत्यूचे कारण ठरविले गेले. एकंदर १,५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताने झालेले निघाले. दुसऱ्या कोणत्याही एका कारणाने इतके बळी घेतले नव्हते. त्यांतील शंभरांपैकी ८७ जण घरीच वारले. ह्या माणसांनी रुग्णालयात शेवटचा श्वासही घेतला नाही, मग औषध त्यांच्यापर्यंत पोहोचणार कोठून? पुढे ह्याच भागात आरोग्यसेवकांनी गावातच रक्तदाब तपासण्याचा प्रयोग हाती घेतला. कारण वाढलेला रक्तदाब हे ह्या रोगाचे सर्वांत मोठे कारण, आणि तो दुखत नाही की खुपत नाही.

शुश्रूषेतही संशोधन असते, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. माणूस कोसळला की आपण तोंडाशी पाण्याचा पेला नेतो. ह्या रोगात गिळण्याची शक्ती मंदावते आणि तेच पाणी श्वासनलिकेत शिरते. ऑस्ट्रेलियातील १९ रुग्णालयांत एक साधी योजना पारखली गेली. काही रुग्णालयांतील परिचारिकांना तीनच गोष्टी शिकविल्या : ताप आवरणे, रक्तातील साखर पाहणे आणि रुग्णाला गिळता येते की नाही, हे आधी तपासणे. २०११ साली निकाल आला. ९० दिवसांनंतर मृत किंवा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण, अशी शिकवण नसलेल्या रुग्णालयांत शंभरांत ५८ होते, तर ह्या रुग्णालयांत ४२. ना नवे औषध, ना मोठे यंत्र.

उलट, जे उघडच हितकर वाटते ते कधी कधी कसोटीस उतरत नाही. रुग्णाला पहिल्या २४ तासांतच उठवून वारंवार चालवावे, असे अनेकांना वाटे. पाच देशांतील २,१०४ रुग्णांवर हे पाहिले, तेव्हा २०१५ साली कळले की, नेहमीच्या बेताच्या हालचालीनेच अधिक लोक चांगले सुधारले. भारतातील १४ रुग्णालयांतही १,२५० रुग्णांवर एक प्रयोग झाला. आपल्याकडे व्यायाम करवून घेणारे तज्ज्ञ थोडे आणि घरची माणसे पुष्कळ. म्हणून निम्म्या रुग्णांच्या नातलगांना व्यायाम व शुश्रूषा शिकविण्यात आली. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत मृत किंवा परावलंबी रुग्ण शंभरांत ४७ च होते. संशोधकांनी तो निकाल २०१७ साली जसाच्या तसा प्रसिद्ध केला. घरच्यांची सेवा व्यर्थ आहे, असा ह्याचा अर्थ नव्हे. ती तर दुसऱ्या गटालाही मिळतच होती. थोड्या दिवसांच्या शिकवणीने तिच्यात भर पडली नाही, इतकेच सिद्ध झाले. मेंदूचा शाबूत भाग हळूहळू गेलेले काम शिकतो, हे खरे आहे. पण त्याला कोणी, किती दिवस आणि कोणत्या रीतीने शिकवावे, ह्याचा शोध अजून चालू आहे.