रेडिओवरून मारलेली हाक : 'फ्री विली' चित्रपटाच्या निमित्ताने कुटुंबासाठी अभ्यास



सुट्टी लागली की घरोघरी टी.व्ही.च्या रिमोटवरून भांडणे सुरू होतात. या वेळी आम्ही अभ्यासासाठी एक चित्रपटच घेतला आहे. घरातील आजीपासून नातवापर्यंत सर्वांनी एकत्र बसून पाहावा असा हा इंग्रजी चित्रपट आहे, 'फ्री विली'. सायमन विन्सर यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९९३ साली अमेरिकेत प्रदर्शित झाला. पोस्टरवर दगडी बांधावरून झेप घेणारा प्रचंड ऑर्का आणि खाली हात उंचावून उभा असलेला मुलगा दिसतो. ते चित्र पाहून हा देवमाशाचा चित्रपट आहे असेच कोणालाही वाटेल. आमच्या मते तो त्या मुलाचा आहे.

मुलाचे नाव जेसी, वय बारा वर्षे. आई त्याला सोडून गेली त्याला सहा वर्षे झालेली आहेत. संस्थेतून, परक्या घरांतून पळून जायचे आणि रस्त्यावरच्या मुलांबरोबर राहायचे, हेच त्याचे जीवन. एका रात्री पोलिसांपासून लपण्यासाठी तो मित्राबरोबर एका सागरी उद्यानात शिरतो, तिथल्या भिंती-काचांवर रंग फवारतो आणि पकडला जातो. ड्वाइट नावाचा समाजसेवक त्याला शिक्षेतून सोडवतो, पण दोन अटींवर. एक, उद्यानातील रंग त्याने स्वतः घासून काढायचा. दोन, ग्लेन आणि ॲनी ग्रीनवुड या दांपत्याच्या घरी राहायचे. त्याच उद्यानाच्या टाकीत विली आहे. तोही आपल्या कळपापासून तोडून आणलेला आणि कोणाचेही न ऐकणारा. जेसी माउथऑर्गन वाजवतो आणि विली जवळ येतो. पुढे जेसी टाकीत पडून बुडू लागतो तेव्हा विलीच त्याला वर आणतो.

ग्रीनवुड दांपत्याने जेसीला दत्तक घेतलेले नाही, हे इथे नीट समजून घ्यायला हवे. दत्तक मूल कायद्याने त्या आई-वडिलांचेच होते. प्रतिपालक कुटुंबाचे, म्हणजे 'फॉस्टर' कुटुंबाचे, तसे नसते. ते मुलाला काही काळासाठी सांभाळते. मुलाचे जन्मदाते हयात असू शकतात आणि उद्या परत येऊही शकतात. जेसीची सारी तडफड यातूनच निर्माण झाली आहे. आई येणार, असे तो मनाशी धरून बसला आहे. मग ॲनीने वाढलेले जेवण गोड मानून घेणे म्हणजे आईशी बेइमानी झाली! मोठ्यांना हा मुलगा कृतघ्न वाटतो, आणि तो मात्र आपल्या परीने निष्ठावान असतो. नातेवाइकांचे मूल ज्यांनी घरी सांभाळले आहे, त्यांना हा अनुभव परका नसेल. 'एवढे करूनही तोंड वाकडेच' असे आपण सहज बोलून जातो. ते तोंड कोणासाठी वाकडे आहे, हे विचारायचे राहून जाते.

यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात (४९:१५) परमेश्वर आईचेच उदाहरण घेतो. आई तान्ह्या बाळाला विसरेल हे जवळजवळ अशक्य, असे तो म्हणतो, पण ते घडूच शकत नाही असे तो म्हणत नाही. तसे घडले तरी आपण विसरणार नाही, एवढे वचन तो देतो. हे वचन आपण बहुधा आजारपणात वाचतो. ज्या मुलाच्या बाबतीत ते 'अशक्य' खरोखरच घडले आहे, त्याच्याजवळ बसून ते एकदा वाचून पाहावे.

आता चित्रपटाच्या मध्याकडे येऊ. जेसी आणि विलीची जोडी जमलेली पाहून उद्यानाचा मालक त्यांचा खेळ लावतो. जेसी खूप मेहनत घेतो. खेळाच्या दिवशी मात्र प्रेक्षकांतील मुले काचेवर धडाधडा हात मारू लागतात, विली बिथरतो आणि काही केल्या खेळ करीत नाही. जेसी रडत निघून जातो आणि पुन्हा पळून जाण्याचे ठरवतो. एक खेळ फसला म्हणून कोणी घर सोडून जाते का? जेसीच्या दृष्टीने फसला तो केवळ खेळ नव्हता. या ठिकाणी त्याचा प्रवेश शिक्षा म्हणून झाला होता. मग तो कामाला लागला, मग उपयोगी ठरला. आपण उपयोगी आहोत तोवर आपल्याला ठेवतील, हा त्याचा हिशेब होता. तो उपयोगच संपला, मग थांबायचे कशाला?

हा हिशेब आपल्याला शुभवर्तमानात भेटलेला आहे. लूकच्या १५ व्या अध्यायातला धाकटा मुलगा डुकरांच्या खोपट्यात बसून एक भाषण तयार करतो. त्यात तीन गोष्टी आहेत : मी पाप केले, मी मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मला मजूर म्हणून ठेवा. घरी पोहोचल्यावर तो पहिल्या दोन गोष्टी बोलतो. तिसरी त्याच्या तोंडून बाहेर पडत नाही, कारण बाप मध्येच चाकरांना झगा आणायला सांगतो. वचने १९ आणि २१ शेजारी शेजारी ठेवून वाचा म्हणजे हे ध्यानात येईल. बाप त्याला मजुरीची बोलणी करूच देत नाही. थोरला मुलगा तर घरातून कधी गेलाच नव्हता, पण त्याच्या मनातही तीच मजुरी. इतकी वर्षे राबलो, बदल्यात काय मिळाले, ही त्याची तक्रार. जेसीमध्ये हे दोघेही भाऊ आहेत, असे आम्हाला वाटते.

संत पॉल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या ८ व्या अध्यायात गुलामगिरीचा आत्मा आणि दत्तकपणाचा आत्मा असा भेद करतो. आज आपल्याला 'दत्तक' शब्द थोडा दुय्यम वाटतो. रोममधल्या वाचकांना तो तसा वाटत नव्हता. ऑगस्टस कैसराला जूलियस सीझरने मृत्युपत्रानेच मुलगा केले होते. ऑगस्टसने तिबेरियसला दत्तक घेतले आणि क्लॉडियसने नीरोला. पॉलने हे पत्र लिहिले तेव्हा गादीवर नीरोच होता. दत्तक मुलगा साम्राज्याचा वारस होऊ शकतो, हे त्या शहरातील प्रत्येकजण डोळ्यांनी पाहत होता. म्हणून तुम्ही वारस आहात असे पॉल म्हणतो तेव्हा ती केवळ भावनेची भाषा नाही. त्यात हक्क आहे. अब्बा अशी हाक मारायचा हक्क.

निरोप घ्यायला म्हणून जेसी रात्री टाकीपाशी जातो, तेव्हा मालकाची माणसे टाकी फोडताना त्याला दिसतात. पाणी गळून विली मरावा आणि दहा लाख डॉलरचा विमा मिळावा, हा डाव. उद्यानात काम करणारा रँडॉल्फ (हा हैडा या आदिवासी समाजातला) आणि प्रशिक्षक रे यांच्या मदतीने जेसी विलीला गाडीवर चढवून समुद्राकडे निघतो. ओढायला ट्रक कोणाचा? ग्लेनचा, न विचारता नेलेला! धर्मशिक्षण वर्गातील मुले सातव्या आज्ञेचा प्रश्न इथे नक्की काढतील. त्यांना काढू द्या, आणि उत्तर देण्याची घाई करू नका. वाटेत गाडी अडकते. विलीचे अंग सुकत चालले आहे. तेव्हा जेसी त्याच ट्रकमधला रेडिओ उचलतो आणि ग्लेन व ॲनीला हाक मारतो.

चित्रपटाचा कळस म्हणून सर्वांना ती शेवटची झेप आठवते. आमच्या मते कळस इथेच आहे. जन्मभर पळत आलेल्या मुलाने पहिल्यांदाच घरी हाक दिली, आणि तीही स्वतःच गुन्हा केलेला असताना. ग्लेन-ॲनी येतात. आधी हिशेब मागत नाहीत, गाडी बाहेर काढायला हात लावतात. विली बांधावरून समुद्रात जातो आणि जेसी वळून या दोघांच्या मिठीत येतो.

चित्रपटात उणिवा आहेत. खलपुरुष फारच ठोकळेबाज आहेत, आणि ग्लेन-ॲनीला पडद्यावर मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही. कधीच वडील न झालेल्या माणसाला एकदम बारा वर्षांच्या मुलाचा बाप व्हायचे आहे. ही अवघड गोष्ट दिग्दर्शकाने घाईत उरकली आहे. शिवाय दार उघडले, झेप घेतली आणि सारे सुरळीत झाले, असा समज होतो.

प्रत्यक्षात काय घडले ते मुलांना जरूर सांगावे. विलीचे काम करणाऱ्या ऑर्काचे नाव केइको. १९७९ साली तो आइसलँडजवळ लहान असतानाच पकडला गेला होता आणि १९८५ पासून मेक्सिको सिटीतील एका मनोरंजन उद्यानात होता. चित्रपट पाहून लहान मुलांनी पत्रे लिहिली, पैसे पाठवले. १९९६ च्या जानेवारीत त्याला विमानाने अमेरिकेत ओरेगॉनला आणि १९९८ च्या सप्टेंबरमध्ये आइसलँडच्या एका खाडीत नेले. तिथे माणसांनी त्याला पुन्हा समुद्राची सवय लावायचा प्रयत्न केला. २००२ साली तो मोकळ्या समुद्रातून थेट नॉर्वेच्या किनाऱ्यापर्यंत पोहत गेला, आणि तिथे त्याने काय शोधले? माणसे. मुले त्याच्याबरोबर पोहली, त्याच्या पाठीवरही चढली. रानटी ऑर्कांच्या कळपात तो कायमचा कधीच सामावला नाही. डिसेंबर २००३ मध्ये नॉर्वेतच तो वारला. मृत्यूचे कारण न्यूमोनिया असावे असे सांगण्यात आले. दार उघडे होते, पण पलीकडे त्याचे कोणी नव्हते. अठराव्या वर्षी बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुला-मुलींचा विचार करताना आम्हाला केइको आठवतो.

बारा वर्षांचा आणखी एक मुलगा शुभवर्तमानात तीन दिवस सापडत नव्हता. यरुशलेमच्या मंदिरात तो सापडला तेव्हा मरिया त्याला काय म्हणाली ते पाहा (लूक २:४८). योसेफाचा उल्लेख ती 'तुझा बाप' असाच करते. रक्ताचे नाते नसताना तीन दिवस वणवण करणारा तो बाप होता. पोप फ्रान्सिस यांनी २०२० साली संत योसेफावर लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे की कोणी जन्मतः बाप नसतो, मुलाची जबाबदारी उचलून तो बाप होतो. 'आमोरिस लेतिसिया' (२०१६) या पत्रातही दत्तक व प्रतिपालकत्व ही वैवाहिक जीवनाची फलद्रूपता मानली आहे. अपत्य नसलेल्या दांपत्यांना आपल्याकडे लग्नकार्यात जे प्रश्न विचारले जातात, ते विचारणाऱ्यांनी हा भाग वाचावा.

आपल्या देशात २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात प्रतिपालक कुटुंबाची तरतूद आहे. असे मूल घरी आणायचे तर जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीमार्फतच आणावे लागते. परस्पर कोणाचे मूल ठेवून घेणे, तेही घरकामासाठी, हा मार्ग नव्हे. एकटे, भेदरलेले किंवा पळून आलेले मूल स्टेशनवर वा चर्चच्या आवारात दिसले, तर १०९८ या क्रमांकावर फोन करावा. त्याला खायला द्यावे आणि कोणी येईपर्यंत त्याच्याजवळ थांबावे.

आणि आपल्याच वाड्यांत काकांकडे, मावशीकडे, आजोळी वाढणारी मुले आहेत. पाहुणे आले की 'हा आमचा नव्हे, सांभाळायला ठेवलाय' अशी त्यांची ओळख त्यांच्यादेखत करून दिली जाते. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. ऐकणारा मात्र ते विसरत नाही.

या आठवड्यात वाडीतील प्रार्थनासभेत किंवा घरी चित्रपट लावाल तेव्हा जेसी रेडिओ हातात घेतो तिथे थांबवा. प्रत्येक मुलाला विचारा : तू काही चुकीचे करून बसलास आणि रात्री रस्त्यात अडकलास, तर कोणाला हाक मारशील? उत्तरात आई-बाबांचे नाव आले नाही तर मध्ये बोलू नका, रागावू नका. कोणाचे नाव आले ते ऐका. मग मोठ्यांनीही एकेक करून त्याच प्रश्नाचे उत्तर मुलांसमोर द्यावे, आणि त्यानंतर लूक १५:११-३२ वाचून उरलेला चित्रपट पुढे सुरू करावा.