भिंतीवरचे घड्याळ

विद्यार्थ्यांनो, परीक्षेचा दिवस आहे. सकाळी उठून तुम्ही घड्याळ पाहता. सात वाजून दहा मिनिटे! तुम्ही आंघोळ करून येता, तरी सात वाजून दहा मिनिटेच. घड्याळ बंद पडले आहे. आता काय कराल?

उर्दूत ज्याला आपण ‘घडी’ म्हणतो, त्याला मराठीत ‘घड्याळ’ म्हणतात. मराठीतली ‘घडी’ कपड्याची असते, हे लक्षात ठेवा.

पूर्वी लालबाग-परळच्या चाळींत घरोघरी घड्याळ नसे. गिरणीचा भोंगा वाजला की कामगार डबा घेऊन निघत. १९८२ च्या संपानंतर बऱ्याच गिरण्या हळूहळू बंद पडल्या. भोंगेही थांबले. मुंबईची वेळसुद्धा एके काळी निराळी होती. १९०६ साली साऱ्या देशासाठी एक वेळ ठरली, तेव्हा अनेक मुंबईकरांनी तिला विरोध केला. ‘मुंबई वेळ’ ३९ मिनिटे मागे होती आणि ती १९५५ पर्यंत चालली.

जुन्या घड्याळाला लंबक असे. त्याला किल्ली द्यावी लागे. आजच्या घड्याळात क्वार्ट्झचा बारीक स्फटिक असतो. सेलच्या विजेने तो एका सेकंदात ३२,७६८ वेळा कंप पावतो. या संख्येला पंधरा वेळा निम्मे करा, १ उरेल. घड्याळातील छोटे यंत्र हेच करते आणि सेकंदाला एकदा काटा पुढे सरकवते.

आता आपले बंद घड्याळ खाली काढू या. स्टुलावर चढताना ते कोणाला तरी धरायला सांगा. सेकंदकाटा ९ च्या जवळ जागच्या जागी थरथरत असेल, तर सेल संपत आला आहे. तिथे काटा आडवा असतो. त्याला वर उचलायला सर्वांत जास्त जोर लागतो आणि थकलेल्या सेलमध्ये तो जोर नसतो. दीड व्होल्टचा नवा पेन्सिल सेल बसवा. सेलची सपाट बाजू स्प्रिंगकडे येते. घाईत पुष्कळजण इथेच चुकतात!

नव्या सेलनेही घड्याळ चालत नाही? मग स्प्रिंग आणि पट्टी नीट पाहा. मुंबईच्या दमट हवेत त्यांवर गंज चढतो. जुना सेल गळला असेल, तर पांढरी पूड साचते. ती कोरड्या फडक्याने पुसा, पट्टीवर पॉलिश पेपर हलकेच घासा आणि नंतर हात साबणाने धुवा. एवढे करूनही काटा अडला, तर काटे एकमेकांना किंवा काचेला घासत आहेत का, ते पाहा. कधी कधी नुसती धूळच अडथळा करते.

वेळ लावताना काटे बोटाने ढकलू नका. मागचे छोटे चाक फिरवा आणि फोनवरची वेळ पाहून काटे जुळवा. घड्याळ चुलीच्या वर किंवा पावसाने ओल धरणाऱ्या भिंतीवर टांगू नका. सुट्टीत महिनाभर गावी जाणार असाल, तर सेल काढून ठेवा.

स्वाध्याय
१. सेकंदकाटा ९ च्या जवळ का अडतो?
२. ‘घडी’ आणि ‘घड्याळ’ हे शब्द वापरून एकेक वाक्य लिहा.
३. घरात घड्याळ नव्हते तेव्हा वेळ कशी समजे, हे आजी-आजोबांना विचारून पाच वाक्ये लिहा.