एकटीनं मुंबई पाहायची आहे

प्रश्न : वय ५४. लातूरहून एकटीनं मुंबई पाहायला येते आहे. मुक्काम मुलुंडला. कान्हेरी लेणी पाहायची आहेत. लोकलची भीती वाटते.

उत्तर : ताई, खुशाल या. भीती गर्दीच्या वेळेची बाळगा, लोकलची नव्हे. सकाळी अकरानंतर निघा. मुलुंडहून लोकलनं घाटकोपर, तिथं पुलावरूनच मेट्रो. ११.४ किलोमीटरची ही वर्सोवा-घाटकोपर मेट्रो २०१४ साली सुरू झाली, तेव्हापासून उपनगरांतला पूर्व-पश्चिम प्रवास सुसह्य झाला. अंधेरीला उतरून बोरिवली लोकल पकडा. विरारला जाणाऱ्या फास्ट लोकलच्या वाटेला अजिबात जाऊ नका. बोरिवलीला उतरणाऱ्याला त्या गाडीत कुणी दयामाया दाखवत नाही!

महिलांच्या डब्यात चढताच कुणीतरी विचारेल, "कुठं उतरणार?" ही चौकशी आगाऊपणाची नाही, दारात उभं राहण्याचा क्रम त्यावर ठरतो. स्टेशनचं नाव सांगा, बायकाच तुम्हाला पुढं घेतील. फर्स्ट क्लासच्या डब्यात मात्र चढू नका. तिथं साध्या तिकिटावर दंड होतो.

लेणी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, दारापासून बरीच आत आहेत. पाणी जवळ ठेवा, माकडांसमोर पिशवी उघडू नका. अडचण आलीच तर रेल्वेचा १३९ क्रमांक आहे. आणि सोमवारी जाऊ नका, उद्यान बंद असतं.