परसबागेतील झेंडू : दसऱ्याचे फूल आणि वाफ्याचे औषध



दसऱ्याला तोरणासाठी, अवजारांच्या पूजेसाठी झेंडू लागतोच. घराशेजारी दोन वाफे असताना तो बाजारातून कशाला आणायचा? मात्र त्यासाठी दिवसांचा हिशेब उलटा मांडावा लागतो.

बी टाकल्यावर साधारण 25 दिवसांत रोप लावणीजोगे होते. लावणीनंतर दोन महिन्यांनी फुले धरतात. म्हणजे दसऱ्याआधी तीन महिने बी पडायला हवे. ‘पाऊस लागू दे, मग बघू’ म्हणत बसलो तर फुलं दिवाळीलाच मिळायची!

जागा उन्हाची, निचऱ्याची असावी. पाणी साचले की मुळे कुजतात. उंच झेंडूची रोपे दीड फूट बाय एक फुटावर, संध्याकाळी लावावीत. कुजलेले शेणखत द्यावे. युरिया फार टाकू नये, नुसता पाला माजतो. लावणीनंतर महिन्याने शेंडा खुडावा. फांद्या फुटून फुले वाढतात. याने बहर थोडा लांबतो, तेव्हा बी आठवडाभर आधीच टाकावे. ओळींमध्ये उसाचे पाचट पसरले तर तण दबते, ओल टिकते.

आता मुख्य गोष्ट. वांगी, टोमॅटो, भेंडी खुरटून पिवळी पडली तर एक झाड उपटून पाहावे. मुळांवर गाठी दिसल्या तर त्या सूत्रकृमींच्या समजाव्यात. हे किडे डोळ्यांना दिसत नाहीत. झेंडूच्या मुळांतील द्रव्य त्यांना मारक ठरते. पण बांधाला चार झाडे लावून भागत नाही. ज्या वाफ्यात पुढे भाजी घ्यायची, त्याच वाफ्यात झेंडू दाट लावून दोन-तीन महिने ठेवावा. त्यात तण राहू देऊ नये, कारण सूत्रकृमी तणावरही जगतात. दसरा झाला की झाडे तोडून तिथेच गाडावीत, मुळे जमिनीतच राहू द्यावीत आणि मग रब्बीची भाजी लावावी.

गावठी झेंडूची चार ठसठशीत फुले झाडावरच वाळू द्यावीत. पुढल्या वर्षीचे बी झाले. संकरित वाणाचे बी मात्र धरू नये, फूल तसेच येत नाही.

यंदा एका वाफ्यात एवढे करून पाहावे, आणि पुढे भाजी निघाली की मुळे उपटून आपणच खात्री करावी.